अर्ज पाठविला, पण पोहोचला का?
नोकरीच्या शोधात असलेल्या डहाणू-तलासरीच्या तरुण-तरुणींसाठी व त्यांच्या पालकांसाठी

द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला (मत्तय २०) आपण सर्वांनी मिस्सात अनेकदा ऐकला आहे. दिवस मावळायला एक तास उरला असतानाही काही माणसे बाजारात उभीच असतात. मळ्याचा धनी त्यांना रिकामे उभे राहण्याचे कारण विचारतो, तेव्हा आपल्याला कोणी कामावर बोलावलेच नाही, असे ते सांगतात. ती माणसे आळशी नव्हती, कामाला नालायकही नव्हती. धनी आणि ती यांची गाठ पडली नव्हती, एवढेच. दाखल्यातला धनी स्वतः पुन्हा पुन्हा बाजारात आला. आजचा मालक बाजारात येत नाही. त्याच्याकडे आपला कागद जावा लागतो, आणि तो कागद वाटेतच राहिला तर कामाला योग्य असलेला माणूसही संध्याकाळपर्यंत उभाच राहतो.

नोकरीसाठी दहा-वीस ठिकाणी अर्ज करूनही एकाही ठिकाणाहून उत्तर न आलेले तरुण आपल्या धर्मग्रामांत आहेत. आपल्याला नाकारले गेले असे ते मानतात, आणि काही महिन्यांनी अर्ज करणेच सोडून देतात. परंतु नाकारण्यासाठीसुद्धा अर्ज कोणीतरी वाचावा लागतो. पुष्कळ वेळा तो वाचलेलाच नसतो. अर्ज पाठविणे आणि अर्ज पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांमधील अंतर कसे ओळखावे व कसे भरून काढावे, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आपला भाग आणि नोकरीचे अंतर

वसई धर्मप्रांताची स्थापना १९९८ साली झाली. डहाणू व तलासरी हे तालुके या धर्मप्रांताच्या उत्तर टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून आहेत. २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला, प्रदूषणकारी उद्योगांना येथे बंदी घातली आणि संपूर्ण तालुक्यात उद्योगांसाठी जास्तीत जास्त ५०० एकर जमिनीची मर्यादा ठरवून दिली. या निर्णयामुळे आपल्या चिकूच्या वाड्या, खाड्या व जंगले यांना संरक्षण मिळाले. त्याचबरोबर मसोली, आशागड, घोलवड किंवा तलासरी येथील तरुणाला कारखान्यातील नोकरीसाठी बहुधा तालुक्याबाहेरच जावे लागते. दक्षिणेला बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत, उत्तरेला उंबरगाव, सरीगाम, वापी व सिल्वासा, आणि दूर मुंबई अशा त्याच्या दिशा आहेत. १६ एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाडी डहाणू रोडपर्यंत येऊ लागली, त्यामुळे मुंबईचा प्रवास काहीसा सोपा झाला.

गावातल्या गावात नोकरी असती तर ओळखीने निरोप गेला असता. जिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, तिथे आपल्या वतीने बायोडाटाच बोलतो. म्हणून तो घरातून निघून मालकाच्या टेबलापर्यंत नीट पोहोचला पाहिजे.

पोहोचण्याच्या तीन पायऱ्या

व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश पाठविला की आधी एक खूण दिसते, मग दोन खुणा दिसतात, आणि समोरच्याने संदेश उघडला की त्या खुणा निळ्या होतात. नोकरीच्या अर्जाच्याही अशाच तीन पायऱ्या असतात: निघणे, मिळणे आणि वाचले जाणे. फरक इतकाच की अर्जाच्या बाबतीत या खुणा आपोआप दिसत नाहीत. त्या आपल्याला विचारून मिळवाव्या लागतात. अर्ज कोणत्या पायरीवर अडकला आहे हे कळले की उपायही सापडतो. निघालाच नसेल तर पुन्हा पाठवावा, मिळाला नसेल तर मार्ग बदलावा, आणि मिळूनही वाचला गेला नसेल तर बायोडाटाच सुधारावा.

नाव, पत्ता आणि दूरध्वनी

सर्वांत साध्या वाटणाऱ्या या तीन बाबींतच अनेक अर्ज अडकतात.

नावाची अडचण आपल्या समाजाला विशेष जाणवते. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे, असे पुष्कळ घरांत आढळते. डिसोझा, डिमेलो यांसारखी आडनावे इंग्रजीत लिहिताना कोणी वर टिंबासारखी खूण देतात, कोणी देत नाहीत, तर कोणी मध्ये जागा सोडतात. अनेक ऑनलाइन अर्जांत अक्षरे व मोकळी जागा यांखेरीज दुसरे चिन्ह स्वीकारले जात नाही, आणि मग अर्ज पुढेच सरकत नाही. यासाठी नियम एकच ठेवावा. दहावीच्या प्रमाणपत्रावर जे नाव ज्या अक्षरांत आहे तेच बायोडाटा, ईमेल, बँक खाते व प्रत्येक अर्ज यांत लिहावे. कागदपत्रांत मोठा फरक असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावातील बदल प्रसिद्ध करून घेता येतो. हे काम मुलाखतीचे बोलावणे येण्यापूर्वीच करून ठेवावे.

आदिवासी बंधुभगिनींसाठी येथे एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. अनुसूचित जमातींविषयीच्या १९५० च्या आदेशात धर्माची अट घातलेली नाही. म्हणून वारली, कोकणा, धोडिया आदी जमातींतील उमेदवाराने आपण ख्रिस्ती आहोत एवढ्या कारणाने जमातीचा दाखला जोडण्यास संकोच करू नये. मात्र शासकीय नोकरीसाठी दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्रही लागते, आणि ते मिळण्यास वेळ लागतो. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आधीच अर्ज करून ठेवणे हिताचे आहे.

पत्त्यात पिनकोड अचूक असावा. डहाणूचा ४०१६०१, डहाणू रोडचा ४०१६०२ आणि तलासरीचा ४०१६०६ आहे. एका आकड्याच्या चुकीने मुलाखतीचे पत्र दुसऱ्या टपाल कचेरीत जाऊन पडते. पाड्यावर राहणाऱ्यांनी पाड्याचे नाव, जवळची ओळखीची खूण आणि शक्य असल्यास पत्र घेणाऱ्या शेजाऱ्याचे किंवा दुकानाचे नावही लिहावे.

मोबाइलचा क्रमांक बदलू नये. दीर्घकाळ रिचार्ज केले नाही तर क्रमांक बंद होतो आणि पुढे तो दुसऱ्याच माणसाला दिला जातो. तीन महिन्यांपूर्वी दिलेल्या बायोडाटावर तो जुना क्रमांक तसाच राहतो आणि मालकाचा फोन अनोळखी माणसाकडे जातो. म्हणून घरातील दुसऱ्या एका व्यक्तीचा क्रमांकही द्यावा, आणि कोणत्या कंपनीचा फोन येऊ शकतो हे त्या व्यक्तीला सांगून ठेवावे.

बायोडाटा संगणकालाही वाचता यावा

मोठ्या कंपन्यांत शेकडो अर्ज येतात, आणि ते सर्व माणूस प्रथम पाहीलच असे नाही. संगणकाची प्रणाली अर्जातील मजकूर वाचून जाहिरातीतील शब्दांशी ताडून पाहते आणि जुळणारे अर्ज पुढे करते. या प्रणालीला आपला बायोडाटा वाचताच आला नाही, तर तो पोहोचूनही न पोहोचल्यासारखाच होतो.

हे टाळण्यासाठी काही गोष्टी पाळाव्यात. कागदाचा मोबाइलने काढलेला फोटो बायोडाटा म्हणून पाठवू नये, कारण फोटोतील अक्षरे संगणकाला अक्षरे म्हणून सहसा मिळत नाहीत. बायोडाटा संगणकावर टंकलिखित करून पीडीएफ स्वरूपात जतन करावा. तपासायचे असेल तर पीडीएफमधील एक ओळ बोटाने निवडून दुसरीकडे चिकटवून पाहावी. ओळ जशीच्या तशी उमटली तर कागद वाचता येण्याजोगा आहे असे समजावे. रंगीत चौकटी, दोन रकाने, फुलापानांची किनार यांचा मोह टाळावा.

मराठीत अर्ज करताना आणखी एक काळजी घ्यावी. टंकलेखनाच्या काही दुकानांत आजही जुन्या पद्धतीचे फॉन्ट वापरले जातात. त्या दुकानातील संगणकावर मजकूर स्वच्छ मराठीत दिसतो, पण साधी फाइल समोरच्याकडे उघडली की तिथे निरर्थक इंग्रजी अक्षरांची माळ दिसते. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच टंकून घ्यावा आणि पीडीएफ करूनच पाठवावा. उंबरगाव, सरीगाम व वापी येथील कारखान्यांसाठी बायोडाटा साध्या इंग्रजीत असावा, कारण तिथे तो मराठी न जाणणाऱ्याच्याही हाती पडू शकतो.

आपल्या शिक्षणाचे नाव जाहिरातीत जसे असते तसेच लिहावे. आयटीआय झालेल्याने केवळ ‘तांत्रिक शिक्षण’ असे न लिहिता फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन असे आपल्या ट्रेडचे नाव, संस्था व उत्तीर्ण झाल्याचे वर्ष द्यावे. फुगे बनविण्याच्या कारखान्यात किंवा दागिन्यांच्या डाय बनविण्याच्या कामात, चिकूच्या प्रतवारीत किंवा बोटीच्या इंजिनावर काम केले असेल तर तेही लिहावे. आपल्या भागातील तरुण असा अनुभव क्षुल्लक समजून वगळतात. यंत्रावर दोन वर्षे हात बसलेला माणूस कारखान्याला हवा असतो. फक्त ते कागदावर दिसले पाहिजे.

फाइलला ‘बायोडाटा नवीन’ असे नाव न देता आपले पूर्ण नाव व पदाचे नाव द्यावे. शंभर फाइलींत आपली फाइल सापडावी हा त्यामागील हेतू. फाइल एक एमबीपेक्षा लहान ठेवावी.

कोणत्या दाराने जावे?

कारखान्याच्या फाटकावर बायोडाटा देणे ही आपल्याकडील जुनी रीत. ती वाईट नाही, परंतु सुरक्षारक्षकाच्या खोलीतील गठ्ठ्यात कागद किती दिवस पडून राहील हे सांगता येत नाही. म्हणून कागद देताना तो कोणाकडे जाणार, त्या अधिकाऱ्याचे नाव व विभाग कोणता, आणि भरती कंपनी स्वतः करते की ठेकेदारामार्फत, हे तीन प्रश्न नम्रपणे विचारावेत. ठेकेदारामार्फत भरती असेल तर कंपनीला दिलेला कागद निरुपयोगी ठरू शकतो. मग ठेकेदाराच्या कचेरीतच गेले पाहिजे.

ईमेलने पाठविताना पत्ता अक्षर न् अक्षर तपासावा. एक टिंब चुकले तरी पत्र परत येते, आणि ते परत आल्याची सूचना आपल्याच ईमेलमध्ये इंग्रजीत येऊन पडते. ती न वाचता अर्ज गेला असे मानून स्वस्थ बसणे ही नेहमी घडणारी गोष्ट आहे. विषयाच्या ओळीत पद, जाहिरातीचा क्रमांक व आपले नाव द्यावे. पत्रात तीन-चार ओळी लिहाव्यात, आणि फाइल जोडली आहे का हे पाहूनच पाठवावे. आधी तोच ईमेल स्वतःला किंवा मित्राला पाठवून, फाइल उघडते का हे पाहणे उत्तम.

व्हॉट्सअ‍ॅपवर मागितल्यास बायोडाटा फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. सोबत नाव, गाव व पद एका ओळीत लिहावे.

शासकीय व रेल्वेच्या भरतीत अर्ज सहसा ऑनलाइनच घेतले जातात. तिथे फी भरल्याखेरीज किंवा शेवटचे ‘सबमिट’ बटण दाबल्याखेरीज अर्ज पूर्ण होत नाही. अर्जाचा क्रमांक मिळेपर्यंत आपले काम संपले नाही असे समजावे, आणि तो क्रमांक असलेल्या पानाची छापील प्रत ठेवावी. शेवटच्या दिवशी संकेतस्थळावर गर्दी होते, शिवाय आपल्या भागात वीज व नेटवर्क यांचा भरवसा नसतो. म्हणून अंतिम तारखेच्या निदान पाच दिवस आधी अर्ज भरावा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून कार्यरत आहे. त्याच्या व अशा सरकारी कंपन्यांच्या जाहिराती त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवर प्रसिद्ध होतात. केवळ ऐकीव माहितीवर विसंबू नये.

टपालाने अर्ज मागविला असेल तर स्पीड पोस्टने पाठवावा. पावतीवर तेरा अक्षरे-आकड्यांचा क्रमांक असतो. त्यावरून पत्र कोणत्या दिवशी दिले गेले हे टपाल खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते.

दोन सरकारी दारे विनामूल्य उघडी आहेत. केंद्र सरकारची नॅशनल करिअर सर्व्हिस २० जुलै २०१५ रोजी सुरू झाली. तिचा मदत क्रमांक १५१४ आहे. महाराष्ट्र शासनाच्या महास्वयंम् संकेतस्थळावर नाव नोंदविता येते, आणि रोजगार मेळाव्यांची माहितीही तेथे मिळते. नोंदणी केली म्हणजे नोकरी मिळाली असे नाही. तेथील आपली माहिती वेळोवेळी अद्ययावत करावी लागते.

शिकाऊ उमेदवारी हे आपल्या मुलांनी फारसे न ठोठावलेले दार आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार तीस किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. या काळात विद्यावेतन मिळते, अनुभव मिळतो, आणि पुढील बायोडाटात लिहिण्याजोगी एक भक्कम ओळ मिळते. केवळ ‘नोकरी आहे का?’ असे न विचारता ‘शिकाऊ उमेदवार घेता का?’ असेही फाटकावर विचारावे.

पाठविल्यानंतर

एक साधी वही करावी. तीत तारीख, कंपनी, पद, कोणत्या मार्गाने अर्ज दिला, कोणाकडे दिला आणि उत्तर काय आले, असे रकाने आखावेत. आठ-दहा दिवसांनी फोन करून किंवा ईमेलने नम्रपणे विचारावे की अमुक तारखेचा माझा अर्ज आपल्याला मिळाला का. नोकरी मिळेल का, असे विचारू नये. फक्त अर्ज मिळाला का, एवढेच विचारावे. या प्रश्नाचा राग सहसा कोणाला येत नाही, आणि उत्तर ‘नाही’ असे आले तर आपल्याला पुन्हा पाठविण्याची संधी मिळते. ईमेलमधील ‘स्पॅम’चा कप्पाही रोज पाहावा. मुलाखतीचे बोलावणे कधी कधी तिथेच जाऊन पडते.

पंधरा-वीस अर्ज मिळाल्याची खात्री होऊनही बोलावणे आले नाही, तर मार्ग बरोबर आहे पण बायोडाटा किंवा निवडलेले पद चुकते आहे असे समजावे. शिक्षक, धर्मगुरू किंवा त्या क्षेत्रात नोकरी करणारा धर्मग्रामस्थ यांना तो दाखवावा. ज्याने अर्जांची वही ठेवली आहे, त्यालाच हा फरक कळतो.

फसवणुकीपासून सावध

जिथे गरज असते तिथे ठग पोहोचतात. नोंदणी, गणवेश, वैद्यकीय तपासणी, अनामत अशा नावांनी नोकरीआधी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. त्या प्रकल्पाविषयी आपल्या किनाऱ्यावरील मच्छीमार बांधवांच्या मनात तीव्र भावना आहेत, आणि त्यांचा विषय येथे संपत नाही. परंतु बंदरात नोकरी लावून देतो असे सांगून कोणी पैसे किंवा कागदपत्रे मागितली, तर ती जाहिरात अधिकृत संकेतस्थळावर आहे का हे आधी पाहावे. बायोडाटासोबत आधार, पॅन किंवा बँकेची माहिती जोडू नये, आणि ओटीपी तर कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजेने गप्प न बसता १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार करावी.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी एजंट १९८३ च्या कायद्याखाली नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासावे. अशा एजंटाला सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये व त्यावरील जीएसटी यांहून अधिक घेता येत नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

१५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ हे परिपत्रक काढून कामगारांच्या हक्कांचा प्रश्न ख्रिस्तसभेपुढे ठेवला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’मध्ये कामापेक्षा काम करणारा माणूस श्रेष्ठ आहे हे समजावून सांगितले, आणि बेकारीकडे समाजाने डोळेझाक करू नये असे बजावले. मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप लिओ चौदावे यांनी आपले नाव निवडताना याच परंपरेचे स्मरण केले, आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या युगात माणसाच्या प्रतिष्ठेपुढे व श्रमापुढे उभ्या राहिलेल्या आव्हानाचा उल्लेख केला. संगणक आपला अर्ज चाळतो तेव्हा हे आव्हान मसोलीच्या घरापर्यंत आलेले असते.

म्हणून आमची प्रत्येक धर्मग्रामाला विनंती आहे. आठवड्यातील एक संध्याकाळ सभागृहात संगणक, इंटरनेट व छपाईयंत्र तरुणांसाठी खुले ठेवावे. निवृत्त शिक्षक, बँक कर्मचारी व अधिकारी यांनी तिथे बसून बायोडाटा तपासून द्यावेत. बोईसर, वापी, मुंबई येथे नोकरी करणाऱ्या धर्मग्रामस्थांनी आपल्या कंपनीत जागा निघाली की ती रविवारच्या सूचनांत वाचण्यासाठी कळवावी. यात वशिल्याचा प्रश्न नाही. योग्य माणसाचा कागद योग्य टेबलावर पोहोचविणे एवढेच त्यात आहे. दूरच्या पाड्यांवर राहणाऱ्या मुलींना हे साहाय्य प्रथम मिळावे, कारण त्यांच्या घरापासून सायबर कॅफेही दूर असतो आणि एकटीने जाण्यास घरचे कचरतात.

पालकांनाही एक सांगणे आहे. उत्तर न आलेल्या मुलाला ‘तुझ्यातच काही कमी असेल’ असे म्हणू नका. आधी त्याची वही पाहा आणि अर्ज पोहोचला होता का, हे त्याच्याबरोबर शोधून काढा.

पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस श्रमिक संत जोसेफ यांचा सण म्हणून ठरविला. नाझरेथच्या त्या सुताराच्या मध्यस्थीने आपल्या डहाणू-तलासरीच्या प्रत्येक तरुण हाताला प्रामाणिक काम मिळो, आणि कामावाचून उभ्या असलेल्या कोणाकडेही आपली पाठ न फिरो, हीच प्रभूचरणी प्रार्थना.